कविवर्य नारायण वामन टिळक आणि आपलीं उपासनागीतें

मनुष्याचें आयुष्य साठ-सत्तर वर्षांचें. परंतु त्याच्या अंतःकरणांतून निघालेलें चांगलें गीत कित्येक पिढ्या टिकतें. मात्र तें जसेंच्या तसें टिकतें असें नाहीं. एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडीं जातांना त्याची चाल बदलते, एखादें कडवें गळतें, एखादें नवें जोडलें जातें, आणि कधीं कधीं तर भाषाही पालटते. इतकें होऊनही लोक त्याला तेंच गीत म्हणून ओळखतात. न्हावऱ्याच्या परिसरांत राहणाऱ्या आपणां सर्वांस जुन्या गीताची ही शक्ति ठाऊक असली पाहिजे. येथून दक्षिणेस भीमा ओलांडून गेलें कीं दौंड तालुक्यांतील चौफुला लागतो. आषाढी वारीच्या दिवसांत त्याच वाटेनें तुकोबांची पालखी यवतहून वरवंडकडे जाते, आणि पावणेचारशें वर्षांपूर्वींचे अभंग हजारों कंठांतून ऐकूं येतात. तेथून जवळच केडगांवीं पंडिता रमाबाईंचें मुक्तिमिशन आहे. आणि उत्तरेस घोडनदीच्या कांठीं शिरूर येथें एकोणिसाव्या शतकांत अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें होतें. अशा या मुलखांतील ख्रिस्ती मंडळ्या जीं मराठी गीतें गातात, त्यांपैकीं कित्येकांचा बांधा वारकऱ्यांच्या अभंगाचा आहे. हें कसें घडलें, आणि ज्यांच्या हातून तें विशेषेंकरून घडलें ते पुरुष कोण, हें विद्यार्थिमित्रांपुढें मांडावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ता. ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबांत झाला. वडील वामनराव हे सरकारी नोकरींत असून स्वभावानें फार कडक होते. आई जानकीबाई सात्त्विक वृत्तीची व काव्याची आवड असलेली होती. जो मायेचा ओलावा वडिलांकडून मिळाला नाहीं, तो मुलाला आईकडून मिळाला, आणि भक्तिपर गाण्यांची गोडीही तिच्यापासूनच लागली. ती नारायणाच्या लहानपणींच वारली. ज्या मुलाला आईचा सहवास थोडका लाभला, त्याच्या कवितेंत पुढें आई हा शब्द वारंवार यावा, आणि देवाची हांक मारतांनाही तोच शब्द ओठीं यावा, यांत नवल तें काय?

आई गेल्यानंतर नारायण नाशिकास आला. तेथें वेदशास्त्रसंपन्न गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं त्यानें संस्कृताचें अध्ययन केलें. इंग्रजी शाळेंतही कांहीं काळ काढला, परंतु घरच्या ओढग्रस्तीमुळें तो क्रम पुरा झाला नाहीं. तेव्हां टिळकांचें पुढील शिक्षण हें पदव्यांचें नसून आपल्या हौसेनें व कष्टानें मिळविलेलें होतें. इ. स. १८८० मध्यें नाशिकजवळील जलालपुरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. याच पुढें लक्ष्मीबाई टिळक म्हणून महाराष्ट्रास विदित झाल्या.

यापुढील दहा-बारा वर्षें टिळकांनीं एका गांवीं स्थिर होऊन काढलीं नाहींत. कधीं शिक्षकाचें काम, कधीं व्याख्यानें, कधीं ग्रंथसंपादन, असा त्यांचा संसार चालला होता. हातीं पैसा टिकत नसे. मनांत आलें कीं उठून चालूं लागावें, अशी वृत्ति. शीघ्रकवित्व अंगीं असल्यामुळें जेथें जात तेथें मित्र मिळत, आणि त्या फिरतीचा भार मागें घरीं राहिलेल्या पत्नीला सोसावा लागे. नागपुरास श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें त्यांनीं संस्कृत ग्रंथांचें काम केलें. याच काळांत देशाच्या स्थितीविषयीं त्यांचें मन फार अस्वस्थ झालें. जातिभेदानें समाज विस्कळित झाला आहे, आणि ज्या धर्मानें सर्वांस एकत्र यावें तोच माणसांना वेगळें करीत आहे, असें त्यांना वाटूं लागलें. धर्माचा शोध त्यांनीं केवळ आपल्या मुक्तीसाठीं केला नाहीं. देशाच्या उद्धारासाठींही केला, ही गोष्ट त्यांचें चरित्र वाचतांना विसरूं नये.

इ. स. १८९३ मध्यें टिळक राजनांदगांवास निघाले असतां आगगाडींत त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. दोघांचें काव्यावर व धर्मावर संभाषण झालें, आणि उतरण्यापूर्वीं त्या गृहस्थांनीं नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हातीं ठेविली. टिळकांनीं ती वाचण्याचें वचन दिलें व तें पाळलें. डोंगरावरील प्रवचनापर्यंत ते आले, आणि तेथें त्यांच्या मनाची पकड बसली. पुढें दोन वर्षें विचार, पत्रव्यवहार व आंतील झगडा यांत गेलीं, आणि ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या काळीं अशा कृत्याचा अर्थ काय होत असे, याची कल्पना आज करणें कठीण आहे. आप्तस्वकीय तुटले, आणि सर्वांत कठीण गोष्ट ही कीं, पत्नी व लहान मुलगा यांची ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंना या निर्णयाची पूर्वसूचना नव्हती. त्यांच्यावर जो आघात झाला त्याचें वर्णन त्यांनीं स्वतःच आपल्या स्मृतिचित्रांत केलें आहे, आणि त्यांत पतीचा दोष झांकलेला नाहीं व आपलें दुःखही वाढवून सांगितलेलें नाहीं. थोरांचें चरित्र लिहितांना त्यांच्यामुळें इतरांस सोसावें लागलेलें दुःख गाळूं नये, असें आम्हांस वाटतें. सुमारें पांच वर्षांनीं उभयतां पुन्हां एकत्र आलीं, आणि इ. स. १९०० मध्यें लक्ष्मीबाईंनीं आपल्या विचारानें बाप्तिस्मा घेतला.

टिळकांचें वास्तव्य आतां अहमदनगर जिल्ह्यांत झालें. नगर येथील अमेरिकन मराठी मिशनच्या ईश्वरविज्ञानशाळेंत ते शिकवूं लागले, आणि इ. स. १९०४ मध्यें त्यांस दीक्षा मिळून ते रेव्हरंड झाले. कांहीं काळ त्यांचें बिऱ्हाड राहुरीसही होतें. पुढें बालकवि म्हणून प्रसिद्धीस आलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे त्यांच्याच घरीं पुत्राप्रमाणें राहिले होते. फुलामुलांचे कवि अशी टिळकांची जी ख्याति झाली, तिचा पाया याच काळांतला.

आतां त्या वेळीं मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत काय गायिलें जात असे, तें पाहूं. अमेरिकन मिशनरी मुंबईस इ. स. १८१३ मध्यें आले, आणि नगरास त्यांचें ठाणें १८३१ मध्यें बसलें. उपासना म्हटली कीं गीत हवेंच. म्हणून त्यांनीं आपल्या देशांतील गीतांचीं भाषांतरें केलीं, आणि चालीही आपल्याबरोबर आणल्या. हें काम त्यांनीं मोठ्या श्रद्धेनें केलें यांत संशय नाहीं. परंतु इंग्रजी कवितेंत शब्दावरील आघातास महत्त्व असतें, तर मराठी वृत्तांत अक्षरांची संख्या अथवा लघुगुरूंचा क्रम महत्त्वाचा. एका भाषेचें पाऊल दुसऱ्या भाषेच्या जोड्यांत बसवितांना तें चेपलें जावें, हें ओघानेंच आलें. जेथें मराठी जीभ ऱ्हस्व उच्चारिते तेथें चाल तिला लांबवावयास लावी, आणि जेथें वाक्य संपत नाहीं तेथें ओळ संपे. शेतांतून व कारखान्यांतून आलेला साधा भाविक तें गीत पाठ करी, पण दळतांना किंवा मोट हांकतांना तें त्याच्या ओठीं आपोआप येण्यास अडचण पडे.

ही उणीव टिळकांच्या आधींच कांहीं जणांच्या ध्यानांत आली होती. नगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनीं देशी चालींवर अनेक पदें रचिलीं, आणि ख्रिस्ती विषयावर कीर्तन करण्याची प्रथाही त्या पिढींत सुरू झाली. तेव्हां मराठी चालींवरील ख्रिस्ती गीताचे जनक एकटे टिळक, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. टिळकांना नांगरलेली जमीन मिळाली. त्यांनीं तींत आपलें सर्व आयुष्य पेरलें, आणि पीक असें आलें कीं मराठी मंडळ्यांच्या उपासनासंगीतांत त्यांच्या गीतांचा वांटा फार मोठा झाला.

मिशनमध्यें आल्यानंतर पहिलीं कांहीं वर्षें टिळकांनीं संतवाङ्मयाकडे विशेष लक्ष दिलें नव्हतें. पुढें तुकारामांचे अभंग ते पुन्हां वाचूं लागले, आणि आपल्या ख्रिस्तभक्तीला हवी असलेली भाषा येथें तयार आहे, असें त्यांना दिसलें. आपण ख्रिस्ताच्या चरणांशीं आलों ते तुकारामाच्या पुलावरून आलों, अशा आशयाचे उद्गार ते काढीत असत. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पूल म्हणजे मुक्कामाचें गांव नव्हे. पण जो पुलावरून आला त्यानें पूल मोडून टाकूं नये, हीही कृतज्ञतेची गोष्ट आहे.

अभंगाचा बांधा साधा आहे. मोठ्या अभंगांत चार चरण असतात. पहिल्या तिहींत सहा-सहा अक्षरें, चौथ्यांत चार, आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचें यमक जुळतें. लघुगुरूंचें बंधन नाहीं, म्हणून तो बोलण्यासारखा वाटतो. टाळावर बसतो, म्हणून तो गाण्यासारखाही होतो. टिळकांनीं हें पात्र उचललें. पण त्यांनीं केवळ अक्षरांचा हिशेब उचलला नाहीं. त्या पात्राला जो शतकांचा वास होता तोही घेतला. देवाशीं भांडावें, त्याच्यावर रुसावें, आपली क्षुद्रता उघड सांगावी, आणि शेवटीं त्याच्या पायीं पडावें, ही संतांची रीत त्यांनीं ख्रिस्ताच्या ठायीं वापरली. वारकरी विठ्ठलाला व ज्ञानेश्वरांना माउली म्हणतात. टिळकांनीं ख्रिस्ताला माउली म्हटलें, गुरु म्हटलें. परदेशांतून आलेल्या गीतांत प्रभु बहुधा राजा, सेनापति किंवा मेंढपाळ असे. मराठी घरांतील आईचें नांव त्याला प्रथमच इतक्या मोकळेपणानें मिळालें. आईवांचून वाढलेल्या मुलाची ती हांक होती, म्हणून ती कृत्रिम वाटली नाहीं.

यावर कोणी शंका घेईल कीं, जुन्या पात्रांत नवा रस घातल्यास जुनी चव त्यांत उतरणार नाहीं काय? शब्दाबरोबर जुनी कल्पनाही येणार नाहीं काय? ही शंका क्षुल्लक नाहीं. आपल्या अगदीं शेजारीं, केडगांवीं, पंडिता रमाबाईंनीं (१८५८–१९२२) या प्रश्नाचें उत्तर निराळें दिलें. त्याही कोंकणस्थ ब्राह्मण कुळांतल्या, संस्कृतांत पारंगत, आणि ख्रिस्ताला वाहून घेतलेल्या. त्यांनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें, आणि मुक्तिसदनाच्या छापखान्यांत तें मुलींकडून छापविलें. त्या भाषांतरांत त्यांनीं खेड्यांतील अशिक्षित बाईलाही कळेल अशी साधी भाषा घेतली, आणि ज्या शब्दांमागें जुन्या धर्मकल्पना उभ्या राहतील ते कटाक्षानें टाळण्याचा यत्न केला. टिळकांनीं जुना शब्द धुऊन वापरला. रमाबाईंनीं तो बाजूला ठेवून दुसरा घेतला. दोघांचा हेतु एकच, कीं ऐकणाऱ्याला अर्थ स्वच्छ कळावा. आम्हांस असें वाटतें कीं, शास्त्राच्या भाषांतरांत रमाबाईंची सावधगिरी शोभते, आणि गीतांत टिळकांचें धाडस शोभतें. कारण शास्त्र हें समजावयाचें असतें, तर गीत हें समजून शिवाय ओठीं खेळवावयाचें असतें.

जुन्या गीतांत बदल करण्याचा हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नाहीं. नाताळांत आपल्या शाळांतून जें इंग्रजी गीत विशेष उत्साहानें म्हटलें जातें, देवदूतांच्या गायनाचें तें प्रसिद्ध गीत, चार्ल्स वेस्ली यांनीं इ. स. १७३९ मध्यें प्रसिद्ध केलें. परंतु त्याची पहिली ओळ आज आपण म्हणतों ती नव्हती. ती जॉर्ज व्हाइटफील्ड यांनीं १७५३ मध्यें बदलली. आज त्याला जी चाल आहे, ती मेंडेलसोन या जर्मन संगीतकारानें १८४० मध्यें मुद्रणकलेच्या उत्सवासाठीं रचलेल्या गीताची. आपली ही चाल धार्मिक शब्दांस शोभणार नाहीं, असें त्या संगीतकाराचें स्वतःचें मत होतें. तरी १८५५ मध्यें विल्यम कमिंग्ज नांवाच्या गृहस्थांनीं ती या गीतास जोडली, आणि आतां दोन्हींची फारकत करणें कोणास शक्य नाहीं. उलट चार्ल्स यांचे बंधु जॉन वेस्ली यांनीं आपल्या १७८० च्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेंत, आमचीं गीतें छापणाऱ्यांनीं खुशाल छापावीं, पण तीं सुधारण्याच्या भरीस पडूं नये, अशी विनंती केली आहे. गंमत ही कीं, दुसऱ्यांच्या गीतांत त्यांनीं स्वतः पुष्कळ फेरफार केले होते. सारांश, गीत बदलूं नये असें कवीला वाटतें, आणि तें आपल्या तोंडाजोगें व्हावें असें गाणाऱ्यांना वाटतें. या दोन इच्छांच्या ओढाताणींतूनच जुनें गीत पुढच्या पिढीस पोहोंचतें.

टिळकांच्या गीतांच्या वाट्यासही हें दैव आलें, आणि तें मोठ्या चमत्कारिक रीतीनें आलें. पुण्यास पुष्कळ वर्षें काम केलेले स्कॉटिश मिशनरी डॉ. निकोल मॅकनिकोल हे मराठी संतकाव्याचे जाणते होते. आपल्या अपात्रतेची कबुली देणाऱ्या भक्ताचें टिळकांचें एक गीत त्यांनीं इंग्रजी पद्यांत उतरविलें. तें करतांना त्यांना तिकडील मंडळींच्या परिचयाचें आठ-सहा, आठ-सहा अशा मात्रांचें वृत्त घ्यावें लागलें. पुढें तें परदेशांतील गीतसंग्रहांत गेलें, आणि स्कॉटलंडच्या १६३५ सालच्या स्तोत्रसंहितेंतील एका जुन्या चालीवर गाइलें जाऊं लागलें. ज्या देशांतून भाषांतरित गीतें महाराष्ट्रांत आलीं, त्याच देशाकडे महाराष्ट्राचें गीत भाषांतरित होऊन गेलें! एके काळीं मराठी भाविकाला इंग्रजी चालींत आपली जीभ वळवावी लागली. आतां इंग्रज भाविक कोंकणांत जन्मलेल्या मराठी कवीच्या भावनेंत आपलें मन वळवूं लागला. मूळ गीताची चाल गेली, वृत्त गेलें, भाषा गेली. राहिला तो त्यांतील नम्रभाव. गीताचा प्राण कोठें असतो, हें ठरविण्यास याहून चांगलें उदाहरण क्वचितच मिळेल.

इ. स. १९१२ पासून टिळक ज्ञानोदय पत्राच्या मराठी विभागाचे संपादक होते. हें पत्र नगरास १८४२ मध्यें सुरू झालेलें, मराठींतील जुन्यांतलें जुनें. त्या पत्रांतून त्यांनीं गद्यपद्य पुष्कळ लिहिलें, आणि ख्रिस्ती माणसानें आपल्या देशाला व भाषेला परकें होऊं नये, हा आग्रह सतत धरला. टाळ, मृदंग व एकतारी यांच्या साथीनें ते कीर्तनें करीत. जो कीर्तन ऐकावयास येई, त्याला धर्म सोडून नवीन भाषा शिकावी लागत नसे. ऐकणारा त्यांच्याशीं सहमत होवो अथवा न होवो, आपल्याच घरचा कोणी बोलत आहे, एवढें त्याला कळत असे.

याच विचारांचें शेवटचें टोंक म्हणजे देवाचा दरबार. इ. स. १९१७ मध्यें टिळकांनीं मिशनचें वेतन सोडलें, आणि साताऱ्यास राहून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या सर्व ख्रिस्तभक्तांचें एक बंधुमंडळ उभारण्याचा संकल्प केला. मिशनशीं वैर धरून त्यांनीं हें केलें नाहीं. पण पगारी उपदेशकाच्या शब्दाला जी मर्यादा पडते ती त्यांना असह्य झाली होती. वय छप्पन्न, प्रकृति ढासळलेली, संसार पाठीशीं. अशा स्थितींत हातचें निश्चित उत्पन्न सोडणें सोपें नव्हतें. हा प्रयोग पुरा फळास येण्यास त्यांना आयुष्य पुरलें नाहीं. ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्या मागें एक मोठें काम अपुरें राहिलें. ख्रिस्ताचें चरित्र मराठी ओव्यांत गावें, रामायणाप्रमाणें तें घरोघर वाचलें जावें, अशी त्यांची आकांक्षा होती. ख्रिस्तायन या नांवानें त्यांनीं तें महाकाव्य आरंभिलें, परंतु आरंभींचे थोडेच अध्याय लिहून झाले होते. तें पुरें केलें लक्ष्मीबाईंनीं. ज्या बाईला शाळेचें तोंड पाहावयास मिळालें नाहीं, जिला अक्षरओळख लग्नानंतर झाली, तिनें पतीच्या दहापंधरा अध्यायांनाही न पुरणाऱ्या आरंभावर साठांहून अधिक अध्यायांची इमारत चढविली. लक्ष्मीबाई इ. स. १९३६ मध्यें निवर्तल्या, आणि ग्रंथ १९३८ मध्यें प्रसिद्ध झाला. टिळकांनीं तो पुरा केला असता तर तो निराळा झाला असता, यांत शंका नाहीं. त्यांची भाषा संस्कृताकडे झुकणारी, तर बाईंची घरगुती. तरीही कोणी असें म्हणत नाहीं कीं ख्रिस्तायन टिळकांचें राहिलें नाहीं. ज्या पतीनें एकदां न सांगतां मार्ग बदलला, त्याच्याच मार्गाचा शेवटचा टप्पा त्या पत्नीनें आपल्या पायांनीं चालून पुरा केला. दुसऱ्याचें गीत पुढें नेणें म्हणजे काय, हें या एका गोष्टींत सामावलें आहे.

विद्यार्थिमित्रांनो, टिळकांस जाऊन आतां शंभराहून अधिक वर्षें झालीं. त्यांचीं गीतें आज पेटीवर, तबल्यावर, कोठें गिटारवरही गाइलीं जातात. कोठें लय वाढली आहे, कोठें मधलीं कडवीं सोडून ध्रुपदच पुन्हां पुन्हां घोळलें जातें. तीं गीतें घरच्या प्रार्थनेंत व मयताच्या प्रसंगीं म्हटलीं जातात, आणि म्हणणाऱ्यांपैकीं पुष्कळांना कवीचें नांवही ठाऊक नसतें. याबद्दल सरसकट नाकें मुरडण्याचें कारण नाहीं. ज्यानें स्वतः जुनें पात्र घेऊन त्यांत नवें पाणी भरलें, त्यानें आपल्या गीताला दुसऱ्याचा हात लागूं नये असें म्हणणें अशक्य होतें.

परंतु बदल आणि बदल यांत अंतर आहे. टिळकांनीं अभंगाला हात लावण्यापूर्वीं अभंग मनापासून वाचला, त्याच्यावर प्रेम केलें, त्याचा बांधा अंगीं मुरविला. मॅकनिकोल यांनीं भाषांतरापूर्वीं मराठी संतांचा अभ्यास केला. लक्ष्मीबाईंनीं लेखणी उचलण्यापूर्वीं त्या काव्याच्या कवीशीं आयुष्य काढलें. या तिघांनीं जें बदललें तें समजून बदललें, आणि म्हणून त्यांच्या हातीं जुनें मेलें नाहीं. याच्या उलट, शब्द कठीण वाटला म्हणून त्याचा अर्थ न विचारतां त्या जागीं दुसरा ठोकून देणें, किंवा चाल चटकदार व्हावी म्हणून ज्या कडव्यांत गीताचा कळस आहे तेंच गाळणें, हा बदल नव्हे. ही हेळसांड होय. आपल्या पाठ असलेल्या गीतांपैकीं एखाद्याचा तरी कवि कोण, तें कोणत्या वृत्तांत आहे, त्यांतील जुन्या शब्दांचा अर्थ काय, हें प्रत्येकानें वडील माणसांस किंवा आपल्या शिक्षकांस विचारून घ्यावें. मग तें गीत कोणत्या वाद्यावर म्हणावयाचें तें खुशाल ठरवावें.

करजगांवच्या एका मातृहीन मुलानें आपल्या आईची हांक देवापर्यंत पोहोंचविली, आणि ती हांक नगरच्या मंडळींतून, साताऱ्याच्या दरबारांतून, सातासमुद्रापलीकडच्या देवळांतून फिरून पुन्हां आपल्यापाशीं आली आहे. ती ज्या स्वरूपांत आपणांस मिळाली तीहून निकृष्ट स्वरूपांत ती पुढच्यांच्या हवालीं होऊं नये, एवढी काळजी घेणें हेंच त्या कविवर्यांचें खरें स्मरण होय.